प्रक्षेप-गतीची वर्गसमीकरणे आणि अर्थनिर्वचनाचा प्रश्न : 'त्याज्य' मुळाची एक चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमात वर्गसमीकरणे दहावीच्या बीजगणितात येतात आणि प्रक्षेप-गती अकरावीच्या भौतिकशास्त्रात येते. या दोहोंच्या सीमेवर एक प्रश्नप्रकार उभा आहे. वर फेकलेला दगड किती वेळाने जमिनीवर पडेल, हा तो प्रश्न. विद्यार्थी समीकरण मांडतो, अवयव पाडतो किंवा सूत्र वापरतो, दोन मुळे काढतो आणि शेवटी लिहितो, 'काळ ऋण असू शकत नाही, म्हणून ऋण मूळ त्याज्य.' परीक्षकही या वाक्याला गुण देतो. उत्तर बरोबर असते. कारण मात्र बरोबर नसते.

बरोबर उत्तराला दिलेले चुकीचे कारण ही किरकोळ बाब नव्हे. समीकरण सोडवणे आणि समीकरणाचा अर्थ लावणे या दोन भिन्न कृती आहेत. पहिली कृती आज यंत्रही करते, दुसरी मात्र विद्यार्थ्यालाच करावी लागते आणि तीच आपण एका ठरीव वाक्यावर सोपवून मोकळे होतो. प्रस्तुत लेखात या रूढ वाक्याची चिकित्सा करून असे प्रतिपादन करावयाचे आहे की, मुळाचा स्वीकार वा त्याग त्याच्या चिन्हावरून ठरत नाही. ते मूळ ज्या परिस्थितीचे वर्णन करते ती परिस्थिती प्रत्यक्षात होती की नाही, यावरून तो ठरतो. ही दृष्टी आपल्या गणित-परंपरेला अपरिचित नाही, हेही ओघाने दिसून येईल.

एक साधे उदाहरण

२५ मीटर उंच इमारतीच्या गच्चीच्या कडेवरून एक दगड सरळ वर, दर सेकंदास २० मीटर या वेगाने फेकला, असे मानू. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० घेतले आणि हवेचा विरोध दुर्लक्षिला, तर 'क' सेकंदांनंतर दगडाची जमिनीपासूनची उंची 'उ' पुढीलप्रमाणे येते :

उ = २५ + २०क − ५क²

दगड जमिनीवर असताना उ = ० असते. त्यावरून क² − ४क − ५ = ० हे समीकरण मिळते आणि त्याची मुळे ५ व −१ अशी येतात. रूढ पद्धतीत −१ खोडले जाते, ५ सेकंद हे उत्तर अधोरेखित होते आणि चर्चा संपते.

आता 'काळ ऋण असू शकत नाही' हे विधान तपासू. घड्याळ जेथे शून्य दाखवते तो क्षण आपण निवडलेला असतो. त्याआधीच्या क्षणाला ऋण संख्या देण्यात कोणतीही विसंगती नाही. शकपूर्व वर्षे आपण निःशंकपणे मोजतो, शक सुरू होण्यापूर्वी काळच नव्हता असे कोणी म्हणत नाही. म्हणजेच −१ याचा अर्थ 'दगड हातातून सुटण्यापूर्वी एक सेकंद' एवढाच होतो आणि त्या क्षणाबद्दल समीकरण काही निश्चित सांगते. फेकीनंतर 'क' सेकंदांनी वेग २० − १०क असतो. तेथे क = −१ ठेवल्यास वेग ३० येतो. याचा अर्थ असा की, एखादा दगड एक सेकंद आधी जमिनीवरूनच दर सेकंदास ३० मीटर वेगाने वर फेकला असता, तर तो बरोबर क = ० या क्षणी गच्चीच्या पातळीस पोहोचला असता, त्या वेळी त्याचा वेग २० असता, आणि त्यापुढील त्याची गती आपल्या दगडाच्या गतीहून यत्किंचितही निराळी दिसली नसती.

तेव्हा ऋण मूळ निरर्थक नाही. समीकरणाला फक्त गती कळते. तिचा आरंभ कोणी, कोठून केला हे त्याला कळत नाही. आपला दगड क = ० पूर्वी कोणाच्या तरी हातात होता आणि त्या काळात हे समीकरण त्याला लागूच नव्हते, ही माहिती समीकरणात नसून प्रश्नाच्या शब्दांत आहे. −१ सोडून द्यावयाचे ते या कारणासाठी. गणिताच्या भाषेत, फलाचा प्रांत ० ते ५ एवढाच आहे आणि −१ त्या प्रांताबाहेर पडते.

चिन्हाचा नियम कोठे फसतो

हा भेद केवळ शब्दांचा वाटण्याची शक्यता आहे. म्हणून घड्याळ दगड फेकण्यापूर्वी दोन सेकंद सुरू केले, असे मानू. गती तीच, दगड तोच. मात्र आता 'क'च्या जागी क − २ येईल :

उ = −३५ + ४०क − ५क²

यावरून क² − ८क + ७ = ० हे समीकरण आणि १ व ७ ही मुळे मिळतात. दोन्ही मुळे धन आहेत. चिन्हाचा नियम पाठ केलेला विद्यार्थी येथे दोन्ही उत्तरे लिहील, किंवा गोंधळून जाईल. वास्तविक १ हे मूळ येथेही त्याज्यच आहे, कारण घड्याळात २ वाजेपर्यंत दगड हातातच होता. ज्या मुळाला आपण 'ऋण म्हणून' नाकारले तेच मूळ आता धन रूपात समोर आले आहे. नाकारण्याचे खरे कारण चिन्ह असते, तर ते आता नाहीसे झाले असते. ते झालेले नाही, यावरूनच चिन्ह हे कारण नव्हते हे सिद्ध होते.

उलट बाजूने पाहता, याच दगडाची उंची ४० मीटर केव्हा असेल असे विचारल्यास क² − ४क + ३ = ० यावरून १ व ३ ही मुळे येतात. येथे दोन्ही ग्राह्य आहेत. पहिल्या वेळी दगड वर जात असतो, दुसऱ्या वेळी खाली येत असतो. वेगाचे मान दोन्ही वेळी १०, दिशा परस्परविरुद्ध. उंची ४५ मीटर घेतली तर क = २ हे एकच दुहेरी मूळ मिळते आणि तोच शिरोबिंदू होय. ५० मीटर घेतल्यास विवेचक ऋण येतो. त्यावर 'उत्तर नाही' असा शेरा मारून थांबणे योग्य नव्हे. 'दगड त्या उंचीवर कधीच पोहोचत नाही' हे एक पूर्ण, तपासता येणारे उत्तर आहे. विवेचकाच्या तीन प्रकारांचा तक्ता आपण बीजगणितात पाठ करवून घेतो. तेथे धन, शून्य आणि ऋण अशी लिहिलेली तीन नावे येथे एकाच दगडाच्या तीन पातळ्या म्हणून दिसतात.

भास्कराचार्यांचा निकष

मूळ नाकारण्याचा प्रश्न नवा नाही. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (इ. स. ११५०) वानरांच्या कळपाचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली आणि एक वानर फांदीवर दिसत आहे, तर कळपात किती वानरे, असा तो प्रश्न. समीकरण क्ष² − ५५क्ष + २५० = ० असे होते आणि मुळे ५० व ५ येतात. दोन्ही धन, दोन्ही पूर्णांक आणि दोन्ही समीकरणात तंतोतंत बसणारी. तरीही भास्कराचार्य ५ हे मूळ स्वीकारत नाहीत. कळप पाचांचा असेल तर त्याचा पाचवा भाग १ होतो आणि त्यातून ३ वजा करता −२ उरतात. त्याचा वर्ग ४ येतो हे खरे, पण प्रत्यक्षातील वस्तू ऋण झाल्याची प्रतीती लोकांना नसते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. धन मूळ नाकारले गेले ते त्याच्या चिन्हामुळे नव्हे. त्याने वर्णिलेली परिस्थिती संभवत नव्हती, हे त्याचे कारण होते.

याच्या नेमके उलट उदाहरण लीलावतीत आढळते. त्रिकोणाच्या दोन भुजा १० व १७ आणि पाया ९ असता लंबामुळे होणारे पायाचे दोन खंड काढावयाचे आहेत. गणित केल्यावर खंड १५ व −६ येतात. येथे भास्कराचार्य ऋण संख्या टाकून देत नाहीत. ती विरुद्ध दिशा दर्शवते, असा अर्थ लावतात. लंब पायाच्या बाहेर सहा एककांवर पडतो आणि दोन्ही बाजूंनी पडताळता त्याची लांबी ८ येते.

एकाच ग्रंथकाराने एके ठिकाणी धन उत्तर नाकारले आणि दुसऱ्या ठिकाणी ऋण उत्तर स्वीकारले, यात विसंगती नाही. 'हे उत्तर कोणत्या परिस्थितीचे वर्णन करते?' हा एकच निकष दोन्हीकडे लावला गेला आहे. वर्गसमीकरणाच्या सूत्राचा इतिहास सांगताना आपण श्रीधराचार्य आणि भास्कराचार्य यांची नावे अभिमानाने घेतो. त्या सूत्राने मिळालेल्या उत्तराची चिकित्सा कशी करावी, हा त्यांच्या वारशाचा दुसरा भाग मात्र वर्गात पोहोचत नाही.

टाकून दिलेल्या मुळातील माहिती

अकाली खोडलेल्या मुळाबरोबर बरीच माहितीही नाहीशी होते. ५ व −१ यांची बेरीज ४ आणि तिचे निम्मे २, हाच दगड सर्वोच्च बिंदूवर असण्याचा क्षण. अन्वस्ताची सममिती दोन्ही मुळे हाती असतानाच दिसते. मुळांचा गुणाकार −५ हा ऋण आहे. आरंभीची उंची जमिनीच्या वर असली की तो नेहमीच ऋण येणार. म्हणून अशा प्रत्येक उदाहरणात, काळ फेकीपासून मोजल्यास, एक मूळ धन व एक ऋण असणे अटळ आहे. विद्यार्थ्याला हा योगायोग वाटतो. वास्तविक ती प्रश्नाच्या रचनेतून येणारी अपरिहार्यता आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट विवेचकाची. आरंभीची उंची, वेग आणि गुरुत्वत्वरण अनुक्रमे 'ह', 'व' आणि 'ग' मानल्यास मूळ समीकरणाचा विवेचक व² + २गह असा येतो. आपल्या उदाहरणात तो ४०० + ५०० = ९०० आहे आणि त्याचे वर्गमूळ ३०. दगड जमिनीवर आदळतो तो याच वेगाने. म्हणजे ज्या राशीला बीजगणितात आपण केवळ मुळांचे स्वरूप सांगणारी खूण मानतो, ती येथे आघातवेगाचा वर्ग आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सूत्रातील वर्गमूळाच्या चिन्हाखाली बसलेला आहे. गणिताच्या तासाला विवेचक आणि भौतिकशास्त्राच्या तासाला ऊर्जा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या दोन गोष्टी एकच आहेत, हे सहसा कोणी सांगत नाही. कारण तो तास कोणाचा, हे ठरलेले नाही.

दोन अन्वस्ते, एक गफलत

अर्थनिर्वचनातील आणखी एक दोष आलेखाशी निगडित आहे. वरील दगड सरळ वर जातो आणि सरळ खाली येतो. त्याचा मार्ग ही एक उभी रेषा आहे. तथापि उंची व काळ यांचा आलेख अन्वस्त येतो आणि तो आलेख म्हणजेच दगडाचा मार्ग, असा समज सहज होतो. आता दगडाला वरील वेगाखेरीज दर सेकंदास १० मीटर असा क्षितिजसमांतर वेगही दिला, तर त्याचा प्रत्यक्ष मार्ग

य = २५ + २क्ष − क्ष²/२०

असा येतो. हेही अन्वस्तच, परंतु येथील क्ष² चा सहगुणक निराळ्या गोष्टी सांगतो. काळाच्या समीकरणातील ५ हा केवळ गुरुत्वत्वरणाचा निम्मा भाग आहे. तोच दगड चंद्रावर फेकला तर ५ च्या जागी सुमारे ०.८१ येईल, फेकणाऱ्याने कितीही जोर लावला तरी. मार्गाच्या समीकरणातील १/२० मात्र गुरुत्वत्वरण आणि क्षितिजसमांतर वेग या दोहोंवर अवलंबून आहे. फेक बदलली की तो बदलतो.

या समीकरणात य = ० ठेवल्यास क्ष = ५० व −१० ही मुळे मिळतात. 'अंतर ऋण असू शकत नाही' हे वाक्य येथे पुन्हा डोके वर काढते. पण −१० म्हणजे इमारतीच्या मागील बाजूस दहा मीटरवरचे असे स्थान की, जेथून योग्य वेगाने फेकलेला दगड याच मार्गाने गेला असता. लीलावतीतील ऋण खंडाशी याचे साम्य स्पष्ट आहे. ऋणत्व म्हणजे दिशेचे वैपरीत्य.

लक्ष्य दिले आणि कोन विचारला, तर वर्गसमीकरणाची आणखी एक बाजू दिसते. जमिनीवरून दर सेकंदास २० मीटर वेगाने फेकलेला चेंडू २४ मीटरवर पडावा, अशी अपेक्षा असल्यास प्रक्षेपकोनाच्या स्पर्शज्येसाठी ३स² − १०स + ३ = ० हे समीकरण येते. मुळे ३ व १/३, कोन सुमारे ७१.६ व १८.४ अंश. पहिला चेंडू १८ मीटर उंच जाऊन सुमारे ३.८ सेकंदांनी पडतो, दुसरा २ मीटर उंच जाऊन सुमारे १.३ सेकंदांत पोहोचतो. दोन्ही मुळे धन आणि दोन्ही शक्य आहेत. यष्टिरक्षकाकडे चेंडू फेकणारा क्षेत्ररक्षक दुसरे मूळ निवडतो, मध्ये भिंत असेल तर पहिलेच निवडावे लागते. निवड येथे हेतूवर ठरते. मुळांचा गुणाकार १ असल्याने दोन कोनांची बेरीज ९० अंश होते. ४५ अंशांच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावरील कोनांचे पल्ले समान असतात, हे गॅलिलिओने १६३८ मध्ये दाखवलेले सत्य मुळांच्या गुणाकारातून असे सहज प्रकट होते. वेग स्थिर ठेवून विवेचक शून्य होईल असे सर्व बिंदू घेतले तर त्यांचेही अन्वस्तच बनते. चेंडूच्या आवाक्याची ती सीमारेषा होय. टॉरिचेली याने १६४४ मध्ये तिचा विचार केला होता.

प्रतिमानाची मर्यादा

अर्थनिर्वचनाचा शेवटचा टप्पा म्हणजे समीकरण स्वतःच कोठवर विश्वासार्ह आहे हे ओळखणे. 'दोन नव्या विज्ञानांविषयी' या संवादात्मक ग्रंथाच्या चौथ्या दिवशी गॅलिलिओने प्रक्षेप्याचा मार्ग अन्वस्त असल्याचे सिद्ध केले. त्याच ठिकाणी सिम्प्लिसिओच्या तोंडी त्याने आक्षेपही घातले आहेत. लंबरेषा पृथ्वीच्या केंद्राकडे वळतात, त्या परस्परांस समांतर नसतात, आणि हवा गतीला विरोध करते, हे ते आक्षेप. साल्व्हिआती ते मान्य करतो आणि प्रचंड वेगाने सुटणाऱ्या तोफगोळ्यांना हा सिद्धान्त जसाच्या तसा लागू नाही, असेही सांगतो. पुढे १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स याने आपल्या प्रयोगांवरून हवेचा विरोध तोवरच्या समजुतीपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दाखवले. १७४५ मध्ये ऑयलर याने त्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर विस्तृत भाष्यासह प्रसिद्ध केले.

यासाठी तोफांपर्यंत जाण्याचेही कारण नाही. क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅम वजनाचा असतो. दर सेकंदास ३० मीटर या वेगाला, नेहमीचा विरोध-सहगुणक ०.५ धरल्यास, त्याला होणारा हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या सुमारे दोन-तृतीयांश भरतो. म्हणजे आपण 'दुर्लक्षिला' म्हणून सोडून दिलेली राशी दुर्लक्षणीय नाही. दुसरीकडे, वरील उदाहरणात गुरुत्वत्वरण १० ऐवजी ९.८ घेतल्यास उत्तर ५ ऐवजी ५.०८५ सेकंद येते आणि मुंबईच्या आसपासचे ९.७९ हे मूल्य घेतल्यास ५.०८९. गणकयंत्राने दाखवलेले पुढील अंक उतरवून काढणारा विद्यार्थी अचूकतेचा आभास निर्माण करतो. पहिल्या दशांश स्थळापुढे या प्रतिमानाला बोलण्याचा फारसा अधिकार नाही, हे त्याला कळणे हाही उत्तराचाच भाग आहे.

एक संभाव्य आक्षेप आणि अध्यापनाची दिशा

यावर असे म्हणता येईल की, दहावीच्या विद्यार्थ्यावर प्रांत, प्रतिमान आणि आरंभबिंदू यांचा भार टाकणे अवाजवी आहे. चिन्हाचा नियम बहुतांश शालेय उदाहरणांत बरोबर उत्तर देतो, मग तो का नको? आक्षेपात तथ्य आहे. वेळेची टंचाई व परीक्षेचा दबाव नाकारता येत नाही. तथापि नियम यशस्वी ठरतो तो आपण उदाहरणेच तशी निवडतो म्हणून. घड्याळ दोन सेकंद आधी सुरू करण्याएवढा बदलही त्याला सोसत नाही. शिवाय त्याऐवजी मागितलेले वाक्य फार मोठे नाही. 'काळ ऋण नसतो' याऐवजी 'त्या क्षणी दगड हातात होता, म्हणून हे समीकरण लागू नव्हते' एवढेच लिहावयाचे आहे. पहिले वाक्य पाठ करता येते, दुसरे लिहिण्यासाठी प्रश्न पुन्हा वाचावा लागतो.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने विचारांचे गणितीकरण हे गणित-शिक्षणाचे उच्च उद्दिष्ट मानले होते. त्या दिशेने जाण्यासाठी नव्या पुस्तकांची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रश्नपत्रिकेतील एखाद्या उदाहरणात दोन्ही मुळे देऊनच 'प्रत्येकाचा अर्थ सांगा' असे विचारता येईल. समीकरण देऊन त्यातून इमारतीची उंची, फेकीचा वेग आणि आघातवेग शब्दांत मांडण्यास सांगता येईल. गणित व भौतिकशास्त्र या विभागांनी वर्षातून एखादा तास एकत्र घेऊन विवेचक आणि ऊर्जा यांची गाठ घालून देणे, ही तर केवळ इच्छाशक्तीची बाब आहे.

समारोप

प्रक्षेप-गतीचे वर्गसमीकरण आपल्याला दोन उत्तरे देते आणि त्यांपैकी कोणते घ्यावे हे सांगण्याचे नाकारते. हे समीकरणाचे वैगुण्य नव्हे. निर्णय करण्याची जबाबदारी ते सोडवणाऱ्याकडे सोपवते. 'ऋण म्हणून त्याज्य' हे वाक्य ती जबाबदारी घेतल्याचा देखावा करते आणि प्रत्यक्षात ती टाळते. असे वाक्य वर्षानुवर्षे गुणास पात्र ठरत राहिले, तर गणित अचूक असते पण त्याच्या अर्थाशी आपला संबंध नसतो, ही समजूत घेऊनच विद्यार्थी महाविद्यालयाबाहेर पडतो. पुढे अभियंता, अर्थशास्त्रज्ञ वा संशोधक म्हणून तो ज्या प्रतिमानांवर विसंबेल, त्यांच्या उत्तरांचे काय करावयाचे, हे त्याला याच लहानशा समीकरणापाशी शिकता आले असते. वानरांचा पाचांचा कळप नाकारताना भास्कराचार्यांनी समीकरण बाजूला ठेवून गुहेकडे पाहिले. आपल्या उत्तरपत्रिकांतून अपेक्षा करावयाची ती एवढ्याच गोष्टीची.